पैसा किती गेला, काम किती झाले

अमेरिकेच्या न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी ऑक्टोबर २०१० मध्ये एफबीआयच्या 'सेंटिनेल' या संगणक प्रणालीवर एक अहवाल प्रसिद्ध केला. तपासाच्या कागदी फायली मोडीत काढून सगळा व्यवहार पडद्यावर आणायचा, असा तो प्रकल्प. २००६ मध्ये लॉकहीड मार्टिनला कंत्राट मिळाले आणि डिसेंबर २००९ पर्यंत काम संपायचे होते. अहवाल आला तेव्हा ४५ कोटी १० लाख डॉलरच्या अंदाजपत्रकातले सुमारे ४० कोटी ५० लाख खर्ची पडले होते आणि चार टप्प्यांपैकी दोनच हाती आले होते. उरलेले काम त्याच पद्धतीने पुरे करायचे तर आणखी निदान ३५ कोटी १० लाख डॉलर आणि सहा वर्षे लागतील, असा मायटर या स्वतंत्र संस्थेचा अंदाज होता.

त्या दिवशी कोणी नुसता खर्चाचा रकाना पाहिला असता, तर हा प्रकल्प त्याला अंदाजपत्रकाच्या आत दिसला असता. चार कोटींहून अधिक डॉलर अजून शिल्लक होते. वाईट बातमी त्या रकान्यात येतच नाही, कारण तो फक्त गेलेला पैसा सांगतो. त्या पैशाच्या बदल्यात काय आले, हे त्याला ठाऊक नसते. आपल्याकडच्या आढावा बैठकांत बसलेल्या कोणालाही हा रकाना ओळखीचा आहे. तरतूद किती, निधी वितरित किती, खर्च किती, खर्चाची टक्केवारी किती. मार्च जवळ आला की ही टक्केवारी वाढवण्याची धावपळ सुरू होते, आणि ज्या विभागाचा खर्च ९५ टक्के झाला त्याची प्रगती चांगली मानली जाते. प्रस्तुत पुस्तक या समजुतीला मुळापासून हात घालते, म्हणून त्याची ओळख करून देताना मला मनापासून आनंद होत आहे.

अर्जित मूल्य पद्धत, म्हणजे प्रकल्प व्यवस्थापनातली मंडळी जिला 'अर्न्ड व्हॅल्यू' किंवा नुसते 'ईव्हीएम' म्हणतात ती, तीन आकड्यांवर उभी आहे. आजच्या तारखेपर्यंत ठरल्याप्रमाणे किती रुपयांचे काम व्हायला हवे होते, हे नियोजित मूल्य. आजवर खरोखर किती पैसे गेले, हा प्रत्यक्ष खर्च. आणि जे काम खरोखर पुरे झाले, त्याची किंमत मूळ अंदाजपत्रकाच्या दराने किती होते, हे अर्जित मूल्य. पहिले दोन आकडे प्रत्येक कचेरीत असतात. तिसरा बहुतेक ठिकाणी नसतो, आणि तो नसला की पहिल्या दोघांची तुलना दिशाभूल करते.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका खात्याचा १०० कोटी रुपयांचा, दोन वर्षांचा संगणकीकरण प्रकल्प आहे. त्यात २५ कोटी यंत्रसामग्रीचे आणि ७५ कोटी सॉफ्टवेअर, जुन्या नोंदींचे रूपांतर आणि प्रशिक्षणाचे. एक वर्ष संपले. ठरल्याप्रमाणे ५० कोटींचे काम व्हायला हवे होते. खर्च ४८ कोटी झाला आहे. बैठकीत सादर होणारा तक्ता सांगेल की प्रकल्प निम्म्यावर आला आहे आणि दोन कोटींची बचतही झाली आहे. आता तिसरा आकडा काढू. झालेल्या कामाची अंदाजपत्रकी किंमत भरते ३० कोटी. म्हणजे खर्च झालेल्या प्रत्येक रुपयामागे साडेबासष्ट पैशांचे काम पदरात पडले. हाच खर्च निर्देशांक, ३० भागिले ४८, ०.६२५. वेळापत्रकाचा निर्देशांक ३० भागिले ५०, म्हणजे ०.६. याच गतीने काम चालले तर १०० कोटींचा प्रकल्प १६० कोटींवर जाईल.

पण इथेच थांबले तर आपण स्वतःची अर्धीच फसवणूक टाळली असे होईल. त्या ३० कोटींच्या आत डोकावू. त्यातले २० कोटी यंत्रसामग्रीचे आहेत. संगणक, प्रिंटर, सर्व्हर पहिल्याच वर्षी खरेदी झाले आणि तेही थोडे स्वस्तात, १८ कोटींत. सॉफ्टवेअर आणि नोंदींच्या बाजूला मात्र ३० कोटी खर्चून फक्त १० कोटींचे काम उभे राहिले आहे. तिथला निर्देशांक एक तृतीयांश. त्या बाजूचे ६५ कोटींचे काम अजून बाकी आहे आणि तीच गती राहिली तर त्याला १९५ कोटी लागतील. यंत्रसामग्रीचे उरलेले साडेचार कोटी आणि झालेले ४८ कोटी धरले की बेरीज २४७ कोटी ५० लाखांवर जाते. तक्त्यात दोन कोटींची बचत होती, पहिल्या हिशेबात साठ कोटींची वाढ दिसली, आणि कामाची फोड केल्यावर प्रकल्प अडीच पटींवर जात असल्याचे कळले. आकडे तेच, फक्त प्रश्न नेमका होत गेला. सरकारी तंत्रज्ञान प्रकल्पांत हे वारंवार घडू शकते, कारण यंत्रे विकत घेणे सर्वांत सोपे असते आणि ते सर्वांत आधी उरकले जाते. खोक्यांतले संगणक तालुक्याला पोहोचले की प्रगतीचा आकडा उसळतो. खरे अवघड काम त्यानंतर सुरू होते.

हा विचार आपल्या प्रशासनाला अगदीच परका नाही. सार्वजनिक बांधकाम खात्यात मोजमाप पुस्तिका असते, जिला सगळे 'एमबी' म्हणतात. खोदाई किती घनमीटर, काँक्रीट किती, याची जागेवर मोजणी होऊन नोंद होते, निविदेतल्या दराने तिची किंमत निघते, वरिष्ठ अभियंता ती तपासतो आणि मग चालू देयक निघते. झालेले काम मोजायचे आणि ठरलेल्या दराने त्याचे मोल ठरवायचे, ही अर्जित मूल्याचीच रीत आहे. अडचण येते ती काम डोळ्यांना दिसत नसते तेव्हा. भिंतीला टेप लावता येतो. अर्धवट लिहिलेल्या प्रोग्रॅमला कुठे लावणार?

म्हणूनच या पद्धतीचा कणा माझ्या मते सूत्रांत नाही. तो आहे 'काम झाले' कशाला म्हणायचे, हे काम सुरू होण्याआधी लिहून ठेवण्यात. प्रोग्रॅमरने "नव्वद टक्के झाले" म्हटले की नव्वद टक्के मूल्य जमा धरले, तर तो अंदाज झाला, मोजमाप नव्हे. सॉफ्टवेअरच्या धंद्यात प्रत्येकाने असा प्रकल्प पाहिलेला असतो, जो तीन महिन्यांत नव्वद टक्क्यांवर पोहोचतो आणि पुढचे वर्षभर तिथेच असतो. यावरचे उपाय साधे आणि कठोर आहेत. एक म्हणजे काम पूर्ण संपेपर्यंत शून्य आणि संपल्यावर शंभर. लहान, महिनाभरात उरकणाऱ्या कामांना हा नियम उत्तम. मोठ्या कामांना आधी ठरवलेले टप्पे द्यायचे: आराखड्याला मान्यता मिळाली की इतके, चाचणी उत्तीर्ण झाली की इतके, आणि खरी माहिती भरून खऱ्या कर्मचाऱ्याने वापर सुरू केला की उरलेले. या शेवटच्या टप्प्याला भरघोस वजन ठेवावे, असा माझा आग्रह आहे. महाराष्ट्रात सातबारा संगणकावर आला तेव्हा हस्तलिखित उतारा आणि संगणकातला उतारा तंतोतंत जुळवणे हे केवढे मोठे काम आहे, ते गावोगावच्या तलाठ्यांनी आणि शेतकऱ्यांनी अनुभवले आहे. नावातली एक चूक, क्षेत्रातला एक गुंठा, यासाठी दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. अशा प्रकल्पात सॉफ्टवेअर तयार झाले म्हणून ऐंशी टक्के मूल्य जमा धरणारा आराखडा पहिल्याच दिवशी चुकलेला असतो.

या पद्धतीचा जन्म संगणकासाठी झाला नाही, तो झाला क्षेपणास्त्रांसाठी. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी 'पर्ट' ही वेळापत्रकाची पद्धत आणली. पुढे तिला खर्चाची जोड देण्याचे प्रयत्न झाले, हवाई दलाच्या मिनिटमन प्रकल्पात त्यांना आकार आला, आणि १९६७ मध्ये संरक्षण खात्याने मोठ्या कंत्राटदारांच्या हिशेबपद्धतीसाठी ३५ निकष लागू केले. तीस वर्षांनी उद्योगांनी त्यांची फेररचना करून ३२ मार्गदर्शक तत्त्वे केली आणि १९९८ मध्ये ती राष्ट्रीय मानक झाली. या इतिहासातला एक प्रसंग मात्र थांबून पाहायला हवा, कारण तंत्र हाती असूनही सरकार कसे आंधळे राहू शकते, ते त्यात दिसते.

ए-१२ हे नौदलाचे रडारला न दिसणारे हल्ला विमान मॅकडॉनेल डग्लस आणि जनरल डायनॅमिक्स या दोन कंपन्या मिळून बनवत होत्या. एप्रिल १९९० मध्ये संरक्षणमंत्री डिक चेनी यांनी संसदेला सांगितले की काम ठीक चालले आहे. जूनमध्ये कंपन्यांनीच कळवले की वेळापत्रक आणखी घसरणार आहे आणि खर्च कंत्राटाची कमाल मर्यादा ओलांडणार आहे. चौकशी झाली तेव्हा कळले की अर्जित मूल्याचे अहवाल नियमित येत होते. त्यांत घसरण दिसत होती. नौदलाच्याच खर्च विश्लेषकांनी त्यावरून मोठ्या वाढीचे अंदाज काढले होते. वर पाठवताना मात्र सर्वांत आशावादी आकडा निवडला गेला. चौकशी अधिकारी चेस्टर पॉल बीच यांनी नोंदवले की चांगलीच बातमी द्यावी असा जो दबाव या अधिकाऱ्यांवर होता, तो केवळ नौदलापुरता आहे असे मानायला आधार नाही. ७ जानेवारी १९९१ रोजी चेनी यांनी विमानच रद्द केले. त्यावरचा दावा २०१४ पर्यंत चालला आणि शेवटी दोन्ही बाजूंत तडजोड झाली.

त्याच काळात संरक्षण खात्याच्या विश्लेषकांनी १९७० च्या दशकापासूनच्या शेकडो कंत्राटांची आकडेवारी तपासून एक निरीक्षण मांडले होते. काम १५ ते २० टक्के झाल्यावर जो खर्च निर्देशांक असतो, तो पुढे फारसा सुधारत नाही, उलट बहुतेक वेळा थोडा खालावतो. हे संरक्षण कंत्राटांवरून निघालेले निरीक्षण आहे आणि प्रत्येक सॉफ्टवेअर प्रकल्पाला ते जसेच्या तसे लावू नये, असे नंतरच्या संशोधनातून पुढे आले. तरी आढावा घेणाऱ्यासाठी त्यातला इशारा मोलाचा आहे. "पहिल्या वर्षी थोडे मागे पडलो, पुढे भरून काढू" हे वाक्य ऐकले की ते कशाच्या बळावर म्हटले जाते आहे, याचा पुरावा मागितला पाहिजे.

संगणक प्रकल्पांकडे ही पद्धत कायद्याच्या वाटेने आली. १९९६ च्या क्लिंगर-कोहेन कायद्याने प्रत्येक मोठ्या अमेरिकी खात्यात माहिती तंत्रज्ञानाची जबाबदारी एका मुख्य अधिकाऱ्यावर टाकली आणि अशा खर्चाकडे गुंतवणूक म्हणून पाहायला लावले. ऑगस्ट २००५ मध्ये तिथल्या अंदाजपत्रक कार्यालयाने सर्व खात्यांना आदेश दिला की मोठ्या तंत्रज्ञान प्रकल्पांवर अर्जित मूल्य पद्धत वापरावी, आणि पुढच्याच वर्षी ती सरकारी खरेदीच्या नियमांत शिरली. त्याच २००५ मध्ये एफबीआयने सेंटिनेलच्या आधीची 'व्हर्च्युअल केस फाइल' ही प्रणाली सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून टाकून दिली होती. तिच्या अपयशाची कारणे महानिरीक्षकांनी नोंदवली आहेत: गरजा अस्पष्ट आणि सतत बदलत्या, वेळापत्रक अवाजवी, आणि सगळ्याला बांधून ठेवणारा आराखडाच नाही. जिथे मूळ आराखडाच नाही, तिथे अर्जित मूल्य कशाच्या तुलनेत काढणार?

गरजा उशिरा ठरण्याचे आणखी मोठे मोल अमेरिकेच्या जनगणना विभागाने मोजले. २०१० च्या जनगणनेसाठी दारोदार जाणाऱ्या गणकांच्या हाती छोटी संगणकीय उपकरणे द्यायची होती. २००६ मध्ये सुमारे ६० कोटी डॉलरचे कंत्राट हॅरिस कॉर्पोरेशनला दिले गेले. २००८ उजाडल्यावर विभागाने कंत्राटदाराला शेकडो नव्या किंवा बदललेल्या गरजांची यादी दिली, आणि त्याच एप्रिलमध्ये जाहीर करावे लागले की ज्या घरांतून प्रपत्र परत आले नाही तिथली मोठी मोहीम पुन्हा कागद-पेन्सिलीनेच होईल. या माघारीमुळे जनगणनेच्या खर्चात दोन ते तीन अब्ज डॉलरची भर पडेल, असा तेव्हाचा अंदाज होता. कंत्राटाच्या कितीतरी पट! जनगणनेची तारीख पुढे ढकलता येत नाही, हे त्यामागचे कारण.

आदेश निघाला म्हणजे पद्धत रुजली असे होत नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षकांनी, म्हणजे जीएओने, २००९ मध्ये आठ खात्यांतले सोळा प्रकल्प तपासले. धोरणे सगळ्यांकडे होती, पण बहुतेक प्रकल्पांत अंमल अपुरा होता. त्याच वर्षी अमेरिकी सरकारचे तेव्हाचे मुख्य माहिती अधिकारी विवेक कुंद्रा यांच्या पुढाकाराने सर्व मोठ्या प्रकल्पांची स्थिती जनतेसमोर ठेवणारा फलक सुरू झाला. प्रत्येक प्रकल्पाशेजारी जबाबदार अधिकाऱ्याचे नाव आणि छायाचित्र असे. मला ही कल्पना फार आवडते, आणि तिची मर्यादाही जीएओनेच दाखवून दिली: काही प्रकल्पांचे दर्शनी रंग आणि त्यांची खरी स्थिती यांत मेळ नव्हता.

आकडे कसे बिघडतात, हे पुस्तकाच्या मधल्या प्रकरणांत सविस्तर येते. ती प्रकरणे वगळू नयेत. सर्वांत सोपी वाट म्हणजे मूळ आराखडाच बदलणे. खर्च वाढला, वेळ गेला, की नवी बेसलाइन मंजूर करायची. दुसऱ्या दिवशी सगळे निर्देशांक एकवर येतात. कधी कधी असा बदल न्याय्य असतो, कामाची व्याप्तीच बदललेली असते. पण जुनी बेसलाइन पुसली जाता कामा नये, दोन्ही आकडे शेजारी-शेजारी दिसले पाहिजेत. दुसरी वाट कमी लक्षात येते. देखरेख, समन्वय, सल्लागार अशा कामांना ठोस फलित नसते, म्हणून नुसता काळ सरला की त्यांचे मूल्य आपोआप जमा होते. अशा कामांचा वाटा मोठा ठेवला, तर सॉफ्टवेअर जागचे न हलताही एकूण निर्देशांक निरोगी दिसतो. तिसरी उणीव सूत्रातच आहे. प्रकल्प कितीही उशिरा संपला, तरी संपताना वेळापत्रकाचा निर्देशांक एकवर येऊन थांबतो, कारण शेवटी सगळे काम झालेले असते. ओक्लाहोमातल्या हवाई दलाच्या तळावर सॉफ्टवेअर विभागात काम केलेल्या वॉल्ट लिपके यांनी २००३ मध्ये यावर तोड सुचवली: उशीर रुपयांत न मोजता महिन्यांत मोजा. आज झालेले काम मूळ आराखड्यात कोणत्या तारखेला व्हायचे होते ते पाहा. मघाच्या उदाहरणात आज बारावा महिना संपला असेल आणि ३० कोटींचे काम आराखड्यात सातव्या महिन्यापर्यंत व्हायचे असेल, तर प्रकल्प पाच महिने मागे आहे. मंत्र्यापासून लिपिकापर्यंत कोणालाही हे समजते.

सेंटिनेलचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. त्या प्रकल्पात अर्जित मूल्याची पद्धत वापरली जात होती, तरी तो अडकला. २०१० मध्ये एफबीआयने उरलेले टप्पे थांबवून सूत्रे स्वतःकडे घेतली आणि लहान लहान फेऱ्यांत काम करणारी 'अजाइल' पद्धत स्वीकारली. जुलै २०१२ मध्ये प्रणाली सगळीकडे सुरू झाली, आणि तीही त्याच ४५ कोटी १० लाखांच्या आत. यावरून काही जण अर्जित मूल्याचा काळ संपला असा निष्कर्ष काढतात. मला तो पटत नाही. दर दोन आठवड्यांनी चालणारे काहीतरी दाखवायचे, ही अजाइलची शिस्त 'काम झाले' याची व्याख्या अधिक कडक करते, आणि अर्जित मूल्याला हवी असते ती नेमकी हीच. मूल्य फेऱ्यांना न जोडता पूर्ण झालेल्या सुविधांना जोडले, तर दोन्ही पद्धती एकमेकींना बळ देतात.

आपल्याकडे केंद्र सरकारचे सांख्यिकी मंत्रालय १५० कोटी रुपयांवरच्या केंद्रीय पायाभूत प्रकल्पांच्या खर्चावर आणि विलंबावर नजर ठेवते. ही देखरेख मोलाची आहे. पण तंत्रज्ञान कंत्राटे आपल्याकडे बहुधा ठरावीक रकमेची असतात, आणि तिथे कंत्राटदाराचा स्वतःचा खर्च किती झाला हे खात्याला दिसत नाही. त्यामुळे खर्चाचा निर्देशांक काढता येत नाही. अमेरिकेतही संरक्षण खाते अशा कंत्राटांवर ही पद्धत लादू नये असेच सांगते. म्हणून ती आपल्याला निरुपयोगी आहे असे मात्र नाही. खात्याचा स्वतःचा खर्च असतो: सल्लागार, जागा, नोंदींचे रूपांतर, भाड्याने घेतलेले सर्व्हर, कामाला लावलेले कर्मचारी. तो मोजता येतो. आणि वेळ तर प्रत्येक कंत्राटात मोजता येतो.

निविदेच्या मसुद्यावर बसलेल्या अधिकाऱ्याने या पुस्तकातले सहावे प्रकरण शेजारी उघडून ठेवावे. देयकाचे टप्पे आणि कामाचे टप्पे एकच असावेत, यंत्रसामग्रीचे मूल्य सॉफ्टवेअरपासून वेगळे दाखवले जावे, प्रत्येक टप्प्याचा स्वीकार कोण करणार त्याचे पदनाम लिहिलेले असावे, आणि करार झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत दोन्ही बाजूंनी एकत्र बसून आराखड्याची ओळन्‌ओळ तपासावी. हे सगळे निविदेतच लिहिलेले नसेल, तर नंतर आढाव्याला बसलेल्या सचिवांपुढे खर्चाचा तोच एक रकाना येईल, आणि त्यांना दुसरे काही मागायचा अधिकारही उरलेला नसेल.